सुईणीच्या वहीतला शब्द

पेर्सिडा लपदात माझ्याहून एकवीस वर्षांनी मोठी होती. आमच्या बनातमध्ये, रुमानियाच्या पश्चिम सरहद्दीवरच्या मुलखात, थोरल्या बहिणीला नना म्हणतात, म्हणून मीही तिला नना म्हणायची. आईच्या वयाच्या बाईला नना कशी म्हणतेस, असं माझी सासू डाफरायची. तेव्हा पेर्सिडाच म्हणायची, "म्हणू द्या हो. आई म्हटलं की पोरी खोटं बोलतात, बहिणीला खरं सांगतात. माझ्या धंद्यात मला खरंच ऐकायला लागतं."

धंदा सुईणीचा. नुसत्या अनुभवाची सुईण नव्हे. तिमिश्वाराच्या सुईण-शाळेत दोन वर्षं शिकलेली, परवाना भिंतीवर लावलेला. आमच्या गावात एक घर रुमानियन, पलीकडचं आम्हा सर्बांचं, त्यापुढे जर्मन, मग एखादं हंगेरियन. बाजारात सगळे एकमेकांची भाषा बोलायचे, पण कळा सुरू झाल्या की बाईला फक्त आईची भाषा कळते. पेर्सिडाच्या हे पहिल्याच वर्षी लक्षात आलं. एका जर्मन पोरीला ती "थांब, थांब" म्हणत होती आणि पोर जोर लावत राहिली, फाटली बिचारी. त्या दिवशी पेर्सिडानं निळ्या पुठ्ठ्याची एक वही आणली. चार रकाने आखले. थांब, जोर लाव, श्वास घे, डोकं दिसतंय, आता बाहेर येतंय. सगळं चारही भाषांत.

वहीच्या मागच्या पानांवर मात्र दुसरंच काही होतं. सुईण-शाळेतला म्हातारा डॉक्टर खेड्यातल्या पोरींना लॅटिन नावं शिकवून थकला होता. पोरी घोकायच्या आणि विसरायच्या. मग त्यानं एक युक्ती काढली. प्रत्येक शब्दाचं माहेर सांगायचं. हा शब्द जन्मला कुठं, दिला कुठं, सासरी त्याचं नाव काय पडलं. पेर्सिडाला त्याची जी गोडी लागली ती सुटली नाही. नवरा इलिये मळणीयंत्र चालवायचा. तो म्हणायचा, "माझी बायको कुणाच्याही घरी गेली की बाळ ठेवून येते आणि शब्द घेऊन येते."

त्या मळणीयंत्रातच आमचं सगळ्यांचं नशीब अडकलं. यंत्रात इलियेचा अर्धा वाटा होता, म्हणजे कम्युनिस्ट सरकारच्या कागदोपत्री तो श्रीमंत शोषक. आम्ही सर्ब, म्हणजे पलीकडच्या युगोस्लावियाचे हस्तक. १९५१च्या जूनमध्ये, पेंटेकॉस्टच्या सणाला, पहाटे शिपाई आले. दोन तासांत जे गाडीत मावेल ते घ्या म्हणाले. पेर्सिडानं औजारांची पिशवी घेतली, वही घेतली, भिंतीवरचा परवाना फ्रेमसकट घेतला आणि अंथरुणाच्या गठ्ठ्यावर बसली. आठवडाभर मालगाडीत होतो. उतरवलं ते बरागानमध्ये, देशाच्या दुसऱ्या टोकाला. उघडं रान, काटेरी झुडपं, आणि ठरावीक अंतरावर ठोकलेल्या खुंट्या. प्रत्येक खुंटीवर नंबर. शिपायानं खुंटी दाखवली आणि म्हणाला, "हे तुमचं घर."

आमची खुंटी तिच्या खुंटीशेजारी आली. पहिला पावसाळी हंगाम खड्ड्यात काढला, वर काटक्या आणि चटया. नंतर माती ठोकून भिंती उभ्या केल्या. ओळखपत्रावर शिक्का बसला: सक्तीचा निवास. पंधरा किलोमीटरच्या बाहेर पाऊल टाकलं तर तुरुंग. रान इतकं सपाट की पंधरा किलोमीटर कुठं संपतात ते दिसायचं. पेर्सिडा एकदा म्हणाली, "कुंपण असतं तर बरं झालं असतं गं देसा. निदान त्याला पाठ टेकता आली असती."

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. सरकारी शेतावर कापसाची खुरपणी चालायची. एका रविवारी कुठून तरी अंडी मिळाली, दूध मिळालं. चुलीवर पत्रा टाकून पेर्सिडाच्या अंगणात आम्ही चौघी बसलो. ती, मी, जर्मन वेटी आणि हंगेरियन पिरोश्का. पिठाची पातळ धिरडी काढायची, आत प्लमचा मुरंबा भरायचा आणि गुंडाळायची.

"किती दिवसांनी पालाचिंका!" मी म्हटलं.

"पालाचिंता," पिरोश्का म्हणाली. "शेवटी ता. आमचा पदार्थ आहे, नाव तरी नीट घ्या."

"तुमचा कुठला? व्हिएन्नात माझी मावशी कामाला होती, तिथं सम्राटाच्या ताटात पालाचिंकन असायची," वेटी म्हणाली. "आणि सम्राट काय तुमच्या गल्लीतला होता?"

"सम्राटाचा आचारी आमच्या गल्लीतला होता!"

पेर्सिडा पत्र्यावरची धिरडी उलटत होती. तिच्या ओठांच्या कडा हलायला लागल्या, तेव्हाच मी ओळखलं की आता वही निघणार. हात पुसून ती आत गेली आणि वही घेऊन आली.

"भांडू नका. ही तुमच्यापैकी कुणाचीच नाही. वेटी, तू आणि देसा, तुम्ही दोघींनी हा शब्द पिरोश्काच्या लोकांकडून उचलला."

"बघा!" पिरोश्का.

"आणि पिरोश्काच्या लोकांनी उचलला आम्हा रुमानियनांकडून. आम्ही प्लचिंता म्हणतो. फक्त आमची जाड असते, चीज नाहीतर भोपळा भरलेली."

पेर्सिडा पुढं म्हणाली, "आणि आम्हाला ती रोमनांनी दिली. ते तिला प्लासेंटा म्हणायचे. चपटी गोल पोळी, थरांची. त्यांनीही ती स्वतः काढलेली नाही, ग्रीकांकडून आणली."

"प्लासेंटा?" मी म्हटलं. "नना, तुझ्या पिशवीतल्या चोपड्यात तर..."

"तीच. बाळामागून पडते ती वार. कुणा डॉक्टरला चारेकशे वर्षांपूर्वी इटलीत नाव सुचेना. समोर बघितली तर गोल, चपटी, काठाला जरा उचललेली. पोळीच वाटली त्याला. तेच नाव दिलं, आणि मग जगभरच्या डॉक्टरांनी उचललं."

वेटीचा घास तोंडातच राहिला. "शी! म्हणजे मी इतकी वर्षं काय खातेय?"

"तू काय नाक मुरडतेस? तुमच्या जर्मनमध्ये तर वारेला आईचा केकच म्हणतात," पेर्सिडा म्हणाली.

त्या दिवशी हसून हसून पोट दुखलं. रानात वाऱ्याशिवाय आवाज नसायचा, त्यामुळं आमचं हसणं गावाच्या पार दुसऱ्या टोकापर्यंत गेलं असणार. पेर्सिडानं नंतर पानावर तारीख घातली आणि वेटीचा उच्चार नीट लिहून घेतला.

पुढच्या वर्षी शरद ऋतूत झडती झाली. कुणी सांगितलं ते कधीच कळलं नाही. पेर्सिडा काहीतरी लिहिते, एवढंच कुणीतरी बोललं असावं. गावच्या चौकीचा हवालदार निस्तोर दोन शिपाई घेऊन आला. त्यानं गाद्या उसवल्या, परवान्याची फ्रेम फोडून मागं काही आहे का बघितलं, आणि शेवटी निळी वही उचलली. चार भाषा, चार रकाने. त्यातला एक सर्बियन.

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सात वाजता पेर्सिडानं चौकीत जायचं आणि स्टुलावर बसायचं. असे एकोणीस दिवस. संध्याकाळी ती परतायची तेव्हा आम्ही काही विचारायचो नाही, पण तीच सांगायची. सांगितलं नाही तर झोप लागत नाही म्हणायची.

"काय म्हणतो गं तो?" एकदा माझ्या सासूनं, स्तानानं, विचारलं.

"म्हणतो, 'थांब. आता. जोर लाव. डोकं दिसतंय. बाहेर येतंय.' आणि विचारतो, कुणाचं डोकं? कुठून बाहेर? सरहद्दीवरून ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, साहेब, तुमच्या आईला विचारा कुठून."

सासूनं डोक्याला हात लावला. "मेलीस तू!"

"तसं नाही म्हटलं हो," पेर्सिडा म्हणाली आणि खाली बघू लागली. "मनात म्हटलं. तोंडानं म्हटलं, साहेब, बाळाचं डोकं."

मागची पानं तर निस्तोरला मुळीच उलगडेनात. एकाच शब्दाची पाच रूपं, एकातून दुसऱ्यात बाण काढलेले, बाजूला देशांची नावं. बाण बघून तो चेकाळला. हा निरोप रोमहून निघाला, बुडापेस्टला गेला, तिथून व्हिएन्ना आणि बेलग्रेड. पोळीच्या नावाखाली काय जातंय ते बोला, म्हणून तो तिला तेच तेच विचारायचा. पोळीच जातेय, हे तिचं उत्तर तो रोज लिहून घ्यायचा आणि खाली तिची सही.

"मला वाटायचं, शब्द तरी मोकळे फिरतात," ती मला म्हणाली. "पंधरा किलोमीटरची अट त्यांना नाही. आता बघ, तेही चौकीत."

एकोणिसाव्या दिवशी निस्तोरनं कागद पुढं केला. वही वरिष्ठांकडे जाणार. औजारांची पिशवी जप्त. परवाना रद्द. यापुढं बाळंतपणं पलीकडच्या गावचे डॉक्टर करतील. पेर्सिडा लपदात एकाही बाळंतिणीला हात लावणार नाही, लावला तर खटला. डॉक्टर तेवीस किलोमीटरवर. पंधरावर आमची हद्द संपत होती. जायला चौकीची चिठ्ठी लागायची, आणि ती चिठ्ठी निस्तोर द्यायचा. पेर्सिडानं सही केली.

तेव्हा मी पाचव्या महिन्यात होते.

त्या हिवाळ्यात ती बदलली. घराबाहेर कमी पडायची. गावात तीन बाळंतपणं झाली, म्हाताऱ्यांनी केली; त्यातलं एक मूल गेलं. त्या घरातल्या किंकाळ्या तिच्या घरापर्यंत यायच्या आणि ती चुलीपुढं हात मांडीवर घेऊन बसून राहायची. इलिये सांगायचा की ती बोटं मोजते. कळांमधलं अंतर मोजत असायची ती, भिंतीआडून.

फेब्रुवारीत, माझे दिवस भरत आले असताना, वादळ आलं. तिकडचा हिवाळी वारा लोकांना ठाऊक होता, पण असं कुणी पाहिलं नव्हतं. दोन दिवसांत बर्फ छपराला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडेना, खिडकीतून उजेड येईना. नवरा झिवानं धुराड्यातून काठी वर सारली, ती बर्फातच राहिली. आम्ही तिघं मातीच्या डब्यात बंद. दिवसभर दिवा. आणि दुपारी मला कळ आली.

आपण घाबरलो नाही असं सासू नंतर सांगायची, पण एकाच चादरीची ती पुन्हा पुन्हा घडी घालत होती. झिवा भिंतीवर मुठी आपटत होता. पेर्सिडाच्या बाजूची भिंत. आठ पावलं बर्फ मधे. ऐकू जाईल असं आम्हाला वाटत नव्हतं. तरी तो थांबेना. बऱ्याच वेळानं पलीकडून फावड्याचा आवाज यायला लागला. इलिये बर्फातून बोगदा खणत होता, घुशीसारखा, काढलेलं बर्फ मागं स्वतःच्या घरात ढकलत. त्याला चार तास लागले. आमच्या बाजूची खिडकी त्यानं फावड्यानं फोडली आणि त्या भोकातून पेर्सिडा आत आली, केसांत बर्फ, गुडघे ओले.

माझ्या सासूनं तिला बघून छातीवर क्रॉसची खूण केली आणि लगेच म्हणाली, "तुला खटला होईल."

"होऊ दे. आधी पाणी तापवा," पेर्सिडा म्हणाली. मग माझ्याकडे वळून सर्बियनमध्ये, वहीशिवाय, "देसा, मी सांगेन तेव्हाच. कळलं?"

मुलगी झाली. रडली. मला वाटलं, संपलं. पण पेर्सिडा हात माझ्या पोटावर ठेवून बसली होती. वार पडेना. तिनं बाळाला छातीशी लावायला सांगितलं. लघवी करायला लावली. पोट चोळलं, वाट पाहिली, पुन्हा चोळलं. पाऊण तास झाला. मग माझ्याखाली काहीतरी ऊबदार पसरायला लागलं आणि सासूनं "अगं बाई" म्हणून दिवा जवळ आणला.

"एका काठानं सुटलीय, बाकी चिकटलीय," पेर्सिडा म्हणाली. आवाज अगदी साधा. "औषध पिशवीत होतं. पिशवी चौकीत. स्ताना, राकिया आणा. आहे तेवढी सगळी."

तिनं कोपरापर्यंत हात साबणानं घासले, मग प्लमच्या दारूनं. हातावरून ती ओघळताना मला दिसत होती. झिवाला म्हणाली, "तू तिकडं तोंड कर आणि हिचे खांदे धर. सोडलेस तर मी तुला सोडणार नाही." मग मला म्हणाली, "देसा, हे दुखणार आहे. किती दुखतंय ते ओरडून सांग. इथून आवाज बाहेर जात नाही, लाजायचं कारण नाही."

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. सासू सांगायची, मी निस्तोरच्या सात पिढ्या काढल्या. पेर्सिडाचा हात आत होता आणि डोळे मिटलेले होते. बोटांच्या कडेनं ती वार सोडवत होती, थोडी थोडी, तव्याला चिकटलेली भाकरी उलथन्यानं सोडवावी तशी, एका काठापासून दुसऱ्याकडे. मधे एकदा थांबली. मला वाटलं सुटली. ती फक्त श्वास घेत होती. पुन्हा सुरू केलं. शेवटी हात बाहेर आला तेव्हा मुठीत सगळी वार होती.

रक्त थांबायला लागलं. पण पेर्सिडा माझ्याकडे बघायलाही थांबली नाही. तिनं पत्र्याच्या ताटात वार पसरली, दिव्याखाली नेली आणि बोटानं एकेक भाग चाचपू लागली. काठ जुळवले, उलटी केली, पुन्हा सुलटी. आत एखादा तुकडा राहिला तर चार दिवसांनी तापानं बाई जाते, आणि बर्फाखालून मला कुठं नेता आलं असतं?

"अख्खी आहे," ती म्हणाली, आणि जमिनीवरच बसली. मग रडली. पाच वर्षांत तिला रडताना मी तेवढंच पाहिलं.

बर्फाखाली आम्ही अजून दोन दिवस होतो. लोकांनी खणून आधी एकमेकांना काढलं, मग चौकीही काढली, निस्तोरसकट. पंधरवड्यानं तो बाळाच्या नोंदीला आला. मुलगी माझ्या मांडीवर होती.

"बाळंतपण कुणी केलं?"

"मी," सासू म्हणाली.

"वार कुणी काढली? ऐकलंय मी."

"मीच. मेंढ्यांची काढलीत शंभर. हिची काय वेगळी?"

निस्तोर पेर्सिडाच्या घराकडच्या फुटक्या खिडकीकडे बघत राहिला. चिंध्या कोंबल्या होत्या तिच्यात. सासूचं नाव त्यानं लिहिलं. आम्हाला वाटलं, सुटलो. पण तो दाराशी थांबून म्हणाला, "तिची फाइल माझ्याकडे नाही आता. वर गेलीय. मी लिहिलं काय आणि नाही लिहिलं काय."

त्याचा अर्थ दोन वर्षांनी कळला. १९५६च्या सुरुवातीला हुकूम निघाला; सक्तीचा निवास उठला. एकेका घराला कागद मिळाला. वेटी गेली, पिरोश्का गेली. आमचा कागद मार्चमध्ये आला. पेर्सिडाचा आला नाही. चौकशी केली तर उत्तर मिळालं, की सांकेतिक भाषेचं प्रकरण तपासात आहे, तोवर जागा सोडायची नाही. चार रकान्यांची वही कुठल्या तरी टेबलावर पडली होती आणि ती वाचायला कुणाला वेळ नव्हता. इलियेला कागद मिळाला होता. तो गेला नाही. पुढच्या हिवाळ्यात न्युमोनियानं वारला, आणि त्याला तिथंच पुरलं.

त्या मार्चमध्ये निघताना मी मुलीला कडेवर घेऊन पेर्सिडाच्या दारात उभी राहिले.

"नना, आम्ही थांबतो."

"वेडी आहेस? गाडीत बस. आणि खिडकीशी बस, पोरीला वारा लागू दे."

ती अजून दोन वर्षं त्या रिकाम्या होत चाललेल्या गावात राहिली. मातीची घरं एकेक करून ट्रॅक्टरनं पाडत होते. काही घरांत तुरुंगातून सुटलेले राजकीय कैदी आणून ठेवले. त्यांचीही शिक्षा तीच, सक्तीचा निवास. त्यांना बाळंतपणं नव्हती. ती त्यांच्या पायांच्या जखमा बांधायची. अठ्ठावन्नमध्ये एका ओळीचं पत्र आलं: तपासात काही आढळलं नाही. वही परत मिळाली नाही.

तिमिश्वाराला ती परतली. प्रसूतिगृहात आधी कपडे धुतले. मग एका डॉक्टरिणीनं तिला एका अडल्या बाळंतपणात मदत करताना पाहिलं आणि कागदपत्रांसाठी वर्षभर खटपट केली. परवाना पुन्हा मिळाला तेव्हा ती चौपन्न वर्षांची होती. निवृत्तीपर्यंत काम केलं. लोक तिला मान द्यायचे, नव्या मुली तिला टरकायच्या. मी महिन्यातून एकदा जायची. तिच्या खोलीचं दार दिवसा कधी बंद नसायचं, हिवाळ्यातही. शेजारी कुरकुरायचे, जिन्यात थंडी येते म्हणून. ती ऐकायची नाही. वहीबद्दल मी एकदा विचारलं, पुन्हा लिहायला घेतेस का? म्हणाली, "ज्याला लिहायचं त्यानं लिहावं. मी आता तोंडानं सांगते."

एकदा कामगार संघटनेनं तिला समुद्रावर आठ दिवसांची सुट्टी दिली. आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता तिनं. काळ्या समुद्राची गाडी बुखारेस्टवरून जाते आणि पुढं बरागान ओलांडते; दुसरी वाट नाही. ती गेली. नंतर तिच्याबरोबर गेलेल्या परिचारिकेनं मला सांगितलं, की त्या मैदानातून गाडी जाताना पेर्सिडा डब्याच्या दारात दांडा धरून उभी होती. बस म्हटलं तरी बसली नाही.

परत आल्यावर मी विचारलं, "कसा होता गं समुद्र?"

"पाणी चांगलं आहे. खूप आहे," ती म्हणाली. मग म्हणाली, "पण परत त्याच वाटेनं यायचं होतं ना, त्यामुळं नीट बघता आलं नाही."